वय झालं, म्हणजे झालं काय?

‘वय झालं’ हे दोन शब्द कुणी उच्चारले की माझी आई हातातलं काम खाली ठेवते. मग ते डॉक्टरनं उच्चारलेले असोत, शेजारणीनं असोत, की परवा माझ्या धाकट्यानं त्याच्या लॅपटॉपबद्दल उच्चारले तसे असोत. “इट्स ओल्ड, आजी. दॅट्स व्हाय इट्स स्लो,” असं तो म्हणाला आणि नवा कधी घ्यायचा हे विचारायला माझ्याकडे वळला. आईनं चष्मा कपाळावर ढकलला. “वय झालं, म्हणजे झालं काय?” तिनं विचारलं. पोराला वाटलं आजीला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं तेच मोठ्यानं सांगितलं. मला हसू आलं, आणि हसता हसता जुना रागही वर आला. एवढ्या वर्षांत तो शिळा व्हायला हवा होता. आई तेव्हा जेवढी होती तेवढी आज मी आहे, आणि तिला तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आता मला जास्तच झोंबतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकते.

आम्ही तेव्हा नेपरव्हिलमध्ये राहायचो. बाबा सकाळच्या गाडीनं शिकागोला जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. घर भाड्याचं, भिंतीला भिंत लागलेल्या टाउनहाऊसच्या ओळीतलं. खाली स्वयंपाकघर आणि त्याला लागूनच जेवायची जागा, मध्ये भिंत नाही की दार नाही. या जागेच्या एका कोपऱ्यात देव आणि देवांशेजारी कॉम्प्युटर अशी मांडणी होती, कारण बाबांच्या मते घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी डोळ्यांसमोर असाव्यात. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली गालिच्यावर उभा, आणि त्याच्या बाजूलाच जमिनीत हीटरची जाळी. हिवाळ्यात त्या जाळीतून गरम वारा यायला लागला की मी तिथं तळवे टेकवून गृहपाठ करायचे. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, आणि माझे पाय तव्यावरच्या पोळीसारखे. डबाही माझ्याबरोबर शेकत असायचा, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आई नागपूरची आणि बाबा पुण्याचे. घरात दोन्ही बोली चालायच्या, पण ताटात नागपूरच जिंकायचं. शनिवारी कुणी जेवायला येणार असलं की गोळाभात ठरलेला. बेसनाचे तिखट गोळे भातात वाफवायचे, आणि पानात वाढल्यावर वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कढत फोडणी चर्र करत ओतायची. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकायचा सोडून जाळीतून गाळून पुन्हा आमच्याच तोंडावर सोडायचा, आणि घरमालक त्याला एक्झॉस्ट म्हणायचा. मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा, बाबा टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहायचे, आणि तो धूर सावकाश गालिच्यावर, पडद्यांवर, देवांवर आणि कॉम्प्युटरवर जाऊन बसायचा. माझ्या शाळेच्या कोटालाही हिंगाचा वास यायचा. तो का येतो हे वर्गातल्या पोरींना समजावता समजावता माझी दोन वर्षं गेली.

आमच्याकडे वस्तूला कव्हर नसलं तर ती उघडी पडल्यासारखी वाटते. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. तेव्हा एवढा महागाचा कॉम्प्युटर तसाच कसा ठेवायचा? आईनं जुन्या चादरीचं, आत अस्तर लावलेलं, खाली झालर असलेलं कव्हर डब्याच्या मापानं शिवलं. बटण दाबायला समोर एक खिडकी ठेवली. धूळ बसू नये एवढाच हेतू. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ते कव्हर उतरायचं. आपापली शस्त्रं म्हणून बाबा कॉम्प्युटर, गाडीची किल्ली आणि स्क्रूड्रायव्हरचा सेट पुजायला मांडायचे. झेंडू मिळायचा नाही म्हणून दुकानातली शेवंती. आई हळदी-कुंकू वाहायची आणि आम्ही तिघं अक्षता टाकायचो. नेम चुकू नये म्हणून मी अगदी डब्याला चिकटून टाकायचे. बाबा हात जोडून म्हणायचे, “बाबा रे, वर्षभर असाच चाल.” आणि तो दरवर्षी आणखी हळू चालायचा.

किती हळू, ते आईच्या कुकरवरून कळायचं. नवा होता तेव्हा एकाच वेळी कुकर शेगडीवर ठेवून कॉम्प्युटर सुरू केला, तर कुकरला वाफ धरायच्या आत पडद्यावर सगळं हजर असायचं. नंतर नंतर शिट्ट्या होऊन भात निवायला लागला तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत बसलेलं. एक पान उघडायचं तर मध्ये पोळी लाटून व्हायची. डब्यातून घरघर यायची, मग घरघरीची शीळ व्हायची, आणि बाबा म्हणायचे, “दमला बिचारा. वय झालं त्याचं.”

शनिवारी बाबांचे मित्र यायचे. सगळे कॉम्प्युटरवाले, सगळे आमचे काका. त्यांतले दीपक काका तर बाबांबरोबर एकाच गाडीनं ऑफिसला जाणारे, घरचेच. मोठे जीव लावणारे, मोठ्यानं हसणारे. आपल्या लोकांत कुणी रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जात नाही. पुण्यात पेढे नेत असतील, नेपरव्हिलमध्ये काका लोक सॉफ्टवेअर आणायचे. कोट काढायच्या आधी खिशातून सीडी निघायची. “वहिनी, स्लो झालाय म्हणे? थांबा, एक मस्त युटिलिटी आहे, इन्स्टॉल करून देतो, एकदम फर्स्ट क्लास चालेल.” एकानं पंचांग घातलं, एकानं मराठी टायपिंग, एकानं डाउनलोड लवकर करणारं काहीतरी. पुण्याच्या आजीशी कॅमेऱ्यावर बोलायला दीपक काकांनी मेसेंजर घातलं, मग त्याचं नवं रूप घातलं, मग आणखी नवं. व्हायरसवरचा इलाज म्हणून तर तीन वेगवेगळ्या काकांनी तीन वेगवेगळे अँटीव्हायरस घातले, आणि प्रत्येकानं आधीच्याच्या निवडीवर तोंड वाकडं केलं, पण आधीचा काढला मात्र कुणी नाही. कारण पाहुण्यानं आणलेली वस्तू त्याच्यामागे टाकून द्यायची नाही, असं आमच्या घरात शिकवलं जायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, या सगळ्या भेटींची इवलाली चित्रं ओळीनं बसलेली असायची. ती ओळ इतकी लांबली की घड्याळ शोधावं लागायचं.

माझा राग आजही इथंच अडतो. अख्खी दुपार कॉम्प्युटरवर बोलणारी ही माणसं, मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअर चालवणारी. त्यांतल्या एकालाही असं वाटलं नाही की थांबावं, आधी याला झालंय काय ते बघावं. सगळ्यांचं निदान तयार: जुना झाला. आणि सगळ्यांचा उपाय तयार: आणखी एक घाला.

या कॉम्प्युटरवर खरा हक्क होता तो आईचा. नागपूरच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. तिच्या वर्गात मागच्या बाकावर जागा मिळायची नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या. इथं ती बाबांच्या व्हिसावर आलेली, तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. शिकायची मात्र होती. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर कधी येईल हे देवालाच माहीत, पण तो आला की दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला उभं राहता आलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. त्यासाठी इथल्या शिक्षकीचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी आधी इथल्या कम्युनिटी कॉलेजचे काही कोर्स. गाडी तिला अजून चालवता येत नव्हती, म्हणून तिनं घरबसल्या करता येईल असा कोर्स घेतला. परीक्षा कॉम्प्युटरवर, वेळ लावून. एक तास झाला की पान आपोआप बंद. विषय फिजिक्सच. “सोपं आहे गं, हे तर मी झोपेतही शिकवीन,” ती मला म्हणाली होती.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती आणि पडदा अर्धा पांढरा होता. एका प्रश्नाचं उत्तर ती बघताक्षणी टिचकी मारून द्यायची आणि पुढचा प्रश्न यायची वाट बघत बसायची. वाळूचं घड्याळ फिरत राहायचं. मध्येच एका अँटीव्हायरसला घर झाडून घ्यायची हुक्की आली, त्याला बघून दुसऱ्यालाही आली. डब्यानं शीळ धरली. आई माउस हातात घट्ट धरून बसलेली, ओठ दाबलेले. निम्मेही प्रश्न समोर आले नव्हते तेव्हा वेळ संपली. पान बंद झालं आणि नापास असा निकाल लागलीच आला. गंमत म्हणजे तो निकाल मात्र झटक्यात आला.

शिक्षिका मिसेस डॉयल, त्यांची ईमेल दुसऱ्या दिवशी आली. फार प्रेमळ होती, आणि त्या प्रेमानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बऱ्याच वर्षांनी शिकायला परत येणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचा वेग कमी असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांनी कळवलं होतं. हवं तर कोर्स सोडून द्यावा. किंवा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत, एकदाच, परत परीक्षा द्यावी. त्यातही जमलं नाही तर मात्र कोर्स बंद, आणि तो पुन्हा मिळणार पुढच्या वर्षी.

आईनं बाबांना सांगितलं, “मला सगळं येत होतं हो. कॉम्प्युटरच पुढं सरकून नव्हता राहिला.” बाबा बूट काढत होते. ते हसून म्हणाले, “नाचता येईना…” आणि पुढचं ‘अंगण वाकडं’ त्यांनी हवेतच सोडलं. थट्टाच होती. बाबा वाईट नाहीत, कधीच नव्हते. पण आई लागलीच पोळ्या लाटायला वळली. जेवताना बाबांनी सुचवलं की थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये नवा कॉम्प्युटर घेऊ, तोवर हा कोर्स राहू दे, पुढच्या वर्षी बघू. शुक्रवार आणि थँक्सगिव्हिंग यांच्यामध्ये दोन आठवडे होते. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या कामाला वापरायची बाबांना बंदी होती. लायब्ररीत कॉम्प्युटरवर अर्ध्या तासाच्या वर बसू देत नसत. ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द आई नागपूर सोडल्यापासून ऐकत होती.

त्या शनिवारी दीपक काका जेवायला आले. बाबांनी परीक्षेचा किस्सा रंगवून सांगितला. काका गोळाभातावर तेल ओतून घेत म्हणाले, “वहिनी, टेक इट ईझी यार! कॉम्प्युटर काय, माणूस काय, वय झालं की स्लो होणारच. फोर्टीला आलो आपण सगळे!” सगळे हसले. आईसुद्धा हसली आणि त्यांच्या पानात आणखी एक गोळा वाढला. मला तो गोळा त्यांच्या पानातून उचलावासा वाटला. “इट्स नॉट फनी,” मी म्हटलं. “शालू, मोठ्यांशी असं बोलतात?” बाबा म्हणाले. म्हणजे आईला म्हातारी म्हटलेलं चालतं, आणि त्यावर न हसलेलं मात्र चालत नाही! मी पान अर्धवट टाकून उठले.

वर माझ्या खोलीत आई आली ती काका गेल्यावर. मला वाटलं रागवेल. ती पलंगावर टेकली आणि बराच वेळ मोज्यातला सैल धागा ओढत बसली. मग म्हणाली, “वय हे काही कारण नसतं शालू. वय म्हणजे किती दिवस झाले, बस. लोखंडाला गंज चढतो तो दिवस गेले म्हणून नाही, पाणी लागलं म्हणून. माझ्या वर्गात कुणी ‘जुनं झालं म्हणून’ असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. झालं काय, ते सांग म्हटलं असतं.” ती उठली. तिचा आवाज एकदम वर्गातला झाला होता. “आणि मी बावळट, वर्षभर मान डोलवून राहिली.”

मागच्या वर्षीची गोष्ट इथंच सांगते. बाबांचे चालताना झोक जायला लागले, बोलताना शब्द अडायला लागले, दुपारभर डुलक्या. डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाल्या की या वयात व्हायचंच. आईनं पर्समधून औषधांच्या बाटल्या काढून त्यांच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक डॉक्टरनं एकेक वाढवलेली, कमी कुणीच केली नव्हती. “वय बाजूला ठेवा. यांतलं खरोखर काय लागतं ते सांगा,” ती म्हणाली. दोन गोळ्या बंद झाल्या. महिनाभरात बाबा पुन्हा माझ्याशी राजकारणावर भांडायला लागले.

तर त्या रविवारी सकाळी आई कॉम्प्युटरसमोर गालिच्यावर मांडी घालून बसली. तिची पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं. आणि मोजायला कुकर. तोच कुकर, तेवढेच तांदूळ, तीच शेगडी. “घड्याळ लाव ना,” मी म्हटलं. “घड्याळाकडे पाहत बसायला मला वेळ कुठं आहे? शिट्टी स्वतःहून बोलते,” ती म्हणाली. आधी तिनं डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “बाप्पा! याला तर ताप आहे.” ताप उतरवायचा म्हणून कव्हर काढलं, हीटरच्या जाळीवर पुठ्ठा ठेवला, आणि डबा जरा थंड होऊ देऊन पुन्हा सुरू केला. एका शिट्टीचा फरक पडला. आईच्या चेहऱ्यावर मी अमेरिकेत आल्यापासून न पाहिलेलं काहीतरी दिसलं. मग तिनं बाबांचा पुजेतला स्क्रूड्रायव्हर मागितला.

“उघडू नकोस! वॉरंटी जाईल,” बाबा पेपर टाकून आले.

“वॉरंटी केव्हाच गेली. तुम्हीच म्हणता ना वय झालं?”

“अगं, हे हार्डवेअरवाल्याचं काम आहे. मीसुद्धा कधी उघडला नाही.”

“म्हणूनच तर मी उघडून राहिली.”

तिनं वायर काढली आणि बाजूचं झाकण सरकवलं. गालिच्याची, कव्हराच्या अस्तराची सगळी लव आत ओढली जाऊन तिचा जाड, चिकट नमदा झाला होता. तो फोडणीच्या तेलानं पिवळट झालेला, आणि त्यात कुंकवाच्या रेघा. तळाशी पसरलेल्या होत्या सगळ्या दसऱ्यांच्या अक्षता, बहुतेक माझ्याच नेमाच्या. एक मोहरीचा दाणाही होता, तो तिथवर कसा पोचला देव जाणे. आणि वास? थेट गोळाभाताचा! मधला छोटा पंखा, जो कॉम्प्युटरच्या मेंदूला वारा घालतो, तो त्या नमद्याखाली पुरला गेला होता. आई आधी तोंडावर हात ठेवून बसली आणि मग हसत सुटली. “बिचाऱ्याची आपण पूजा करून करून समाधी बांधली,” ती म्हणाली. “कव्हर माझं, फोडणी माझी, हळदी-कुंकू माझं. आणि नाव याच्या वयाचं.”

जुन्या टूथब्रशनं, फुंकर मारत, हेअर ड्रायरच्या थंड वाऱ्यानं तिनं ते सगळं साफ केलं. करता करता मला समजावत होती: हा मेंदू तापला की जळू नये म्हणून स्वतःहून हळू होतो. “शहाणा आहे. माणूस तापला की आरडाओरडा करतो, हा कमी काम करतो.” झाकण लावून सुरू केला तेव्हा शीळ गेली होती. आणखी दोन शिट्ट्यांचा फरक. पण भात होण्याच्या आत अजूनही येत नव्हता. मग तिची नजर त्या कोपऱ्यातल्या चित्रांच्या ओळीवर गेली.

खरं भांडण झालं ते इथं. धूळ काढायला बाबांची हरकत नव्हती, पण काकांची सॉफ्टवेअर काढायला होती. “दीपकला काय वाटेल? माणूस जीव लावून येतो, आपला शनिवार घालवतो.”

“मग मी त्यांना जेवू घालते ना? त्यांचा प्रोग्रामही पोसू का?”

“एक अँटीव्हायरस तरी त्याचा राहू दे.”

“एक राहील. कुणाचा, ते मी ठरवीन.” आईनं खुर्ची फिरवली. “अहो, एका दारावर तीन गुरखे बसवले आहेत. आत येणाऱ्याची पिशवी तिघं तपासतात आणि मग एकमेकांचे खिसे तपासतात. घरातल्या माणसानं कामाला जायचं केव्हा? पहिलं मेसेंजर होतं त्याच्या तिप्पट मेमरी हे नवं खातं. हे सगळे कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की न बोलावता उठून बसतात, आणि माझी पाळी शेवटी. मशीन तेच आहे, तेवढंच आहे. पाहुणे वाढले. आणि हळू कोण, तर मशीन. हळू कोण, तर मी!”

शेवटचं वाक्य ती ओरडली. आईला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी दुसरी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले, आणि नायगऱ्याच्या सहलीचे त्यांचे लांबलचक व्हिडिओ, ज्यांनी डिस्क गळ्यापर्यंत भरली होती, ते सीडीवर उतरवायला घेतले. आई एकेक प्रोग्राम काढत गेली. पंचांग ठेवलं.

शुक्रवारी बर्फ इतका पडला की शाळेला सुट्टी मिळाली. दुपारी परीक्षा. आईनं आदल्या दिवसापासून फोडणी बंद ठेवली होती, आणि परीक्षेपुरता हीटरही बंद केला. आम्ही दोघी दहीभात खाऊन, स्वेटरवर स्वेटर घालून बसलो. मला तिनं कानटोपी घालायला लावली. मी देवांसमोर बसले होते, पण हळदी-कुंकवाची कुयरी उचलायची माझी हिंमत झाली नाही. प्रश्न आला, आईनं टिचकी मारली, पुढचा आला. पुन्हा टिचकी, पुन्हा पुढचा. घरात तेवढाच आवाज होता, आणि बाहेर बर्फ ढकलणारी गाडी. बराच वेळ उरला तेव्हा तिनं सगळी उत्तरं परत तपासली, आणि मगच शेवटचं बटण दाबलं.

एक सोडून सगळी बरोबर. त्या एकावरूनही तिनं मिसेस डॉयलना नंतर लांबलचक ईमेल लिहिली, कारण तिच्या मते प्रश्नच चुकीचा होता. पण त्या क्षणी ती फक्त पडद्याकडे बघत राहिली. “अंगणच वाकडं होतं,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला मिठी मारली, म्हटलं, “आई, यू डिड इट!” तिनं मान हलवली. ते रडणं आनंदाचं नव्हतं, रागाचं होतं. “मला खरंच वाटायला लागलं होतं गं. एवढे सगळे म्हणतात म्हणजे माझंच काहीतरी संपलं असेल.” कानटोपीतून मला ते अस्पष्ट ऐकू आलं, आणि आजही तसंच ऐकू येतं. दीपक काका, मिसेस डॉयल, बाबा, सगळ्यांना मी केव्हाच माफ केलं. ज्यानं ते वाक्य तिच्या तोंडात घातलं त्याला मात्र नाही, आणि ते कुणा एकानं घातलं नव्हतं हाच तर त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दीपक काका आले ते बूट झटकत, खिशातून सीडी काढतच. आई पलीकडे शेगडीशी होती. काकांनी सवयीनं बटण दाबलं आणि कोट काढायला वळले. वळून बघतात तर पडद्यावर सगळं तयार.

“आयला! नवीन घेतला का रे? सांगितलं नाहीस!”

मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. बाबांकडे टक लावून बघत होते, आणि आधीच चिडले होते. मला माहीत होतं ते काय म्हणतील. मेमरी वाढवली म्हणतील, नाहीतर हसून विषय बदलतील. काकांचं बोट कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर गेलं होतं. “आणि माझा अँटीव्हायरस कुठाय?”

“काढला, भावजी,” शेगडीपासूनच आईचा आवाज आला.

काका बाबांकडे बघायला लागले. बाबांनी त्यांच्या हातातली सीडी घेतली, उलटीसुलटी केली, आणि त्यांच्याच कोटाच्या खिशात परत ठेवली.

“तोच आहे, दीपक. नवा नाही घेतला,” ते म्हणाले. “तिला नाचता येत होतं रे. अंगण आपण वाकडं केलं होतं.”

शेगडीवर मोहरी तडतडत होती, ती तशीच तडतडत राहिली. अलार्म किंचाळायला लागला. या वेळी बाबा टॉवेल घेऊन धावले नाहीत. त्यांनी जाऊन खिडकी उघडली, आणि बर्फाचा थंडगार वारा घरभर सुटला.